हाक्कोदा, 1902: घाम, मोजे आणि रबरी बुटांचा एक जोड

23 जानेवारी 1902 रोजी सकाळी सातच्या आधी जपानमधल्या आओमोरी शहराच्या बराकीतून पायदळाच्या पाचव्या रेजिमेंटचे 210 लोक बाहेर पडले. वीसेक किलोमीटरवर, हाक्कोदा पर्वतसमूहाच्या कुशीत, ताशिरो नावाचं गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण आहे. तिथे मुक्काम करायचा आणि परत यायचं, एवढाच बेत होता. रशियाशी युद्ध होण्याची चिन्हं होती. शत्रूने किनाऱ्यालगतचा रस्ता आणि रेल्वे तोडली तर भर हिवाळ्यात डोंगरातून माणसं आणि सामान नेता येईल का, हे तपासायचं होतं. पाच दिवस आधी थोड्या अंतराची रंगीत तालीम झाली होती, तीही छान उघडिपीत. हाक्कोदाची उंची 1600 मीटरलाही पोचत नाही, त्यामुळे कागदावर ही मोहीम किरकोळ दिसत होती.

त्या 210 जणांपैकी 199 मेले. शोधपथकांच्या हाती 17 जण जिवंत लागले, त्यातले 6 नंतर गेले. उरलेल्या 11 पैकी 8 जणांचे हात किंवा पाय, काहींचे दोन्ही, कापावे लागले. शेवटचं प्रेत सापडलं तेव्हा मे महिना संपत आला होता.

याच काळात हिरोसाकीहून निघालेली दुसरी एक तुकडी हाच डोंगर उलट्या दिशेने ओलांडत होती. कॅप्टन फुकुशिमा ताइझो यांच्या हाताखाली 37 सैनिक आणि सोबत एक बातमीदार. त्यांचा मार्ग दोनशे किलोमीटरहून लांब होता आणि ते डोंगरात बारा दिवस होते. त्यांच्यातला एकही सैनिक दगावला नाही.

या घटनेबद्दल बोलताना बहुतेक जण नेतृत्वाबद्दल बोलतात: कोणी हुकूम दिला, कोणी वाटाड्या नाकारला, कोणाचा अहंकार आडवा आला. ते सगळं खरंच आहे. पण मी हे प्रकरण कपड्यांच्या आणि बुटांच्या बाजूने वाचतो, कारण थंडीत बाहेर पडणाऱ्या कोणालाही त्यातून शिकता येईल असं बरंच काही तिथे आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. माझं म्हणणं असं की ही माणसं कपडे पातळ होते म्हणून आधी हरली नाहीत. ती आधी ओली झाली, मग त्यांचे हात गेले, मग पाय गेले, आणि अंगावरच्या दोन-दोन कोटांचा उपयोग होण्याची वेळ तोवर निघून गेली होती.

अंगावर काय होतं

साध्या सैनिकाच्या अंगावर नेहमीचा गणवेश, त्यावर लोकरी ओव्हरकोट, तोही एकावर एक असे दोन, डोक्यावर टोपी, हातात साधे विणलेले हातमोजे आणि पायात आखूड बूट किंवा गवताचे बूट. भाताच्या पेंढ्यापासून विणलेले हे बूट त्या भागात बर्फात सर्रास वापरले जात. अधिकाऱ्यांचे कपडे थोडे बरे होते आणि त्यांचे बूट उंच होते, पण फरक फार मोठा नव्हता. बदलायला जादा मोजे किंवा हातमोजे बहुतेकांजवळ नव्हतेच. संध्याकाळी गरम पाण्याच्या झऱ्यावर पोचायचं, मग ओझं कशाला वाढवायचं, असा हिशेब असणार.

दोन लोकरी कोट ऐकायला भरपूर वाटतात. लोकर हे चांगलंच कापड आहे. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के बाष्प ती धाग्यात मुरवून घेते आणि तरी हाताला ओली लागत नाही, आणि ओली झाल्यावरही सुती कापडासारखी अंगाला चिकटून बसत नाही. तिची उणीव दुसरीकडे आहे. खरखरीत, लवदार लोकरीला बर्फ चिकटतो. अंगाच्या उबेने तो वितळतो, पाणी धाग्यात शिरतं आणि माणूस थांबला की तेच पाणी गोठतं. कोट जड होतो, पत्र्यासारखा ताठ होतो आणि वारा आडवायला त्याच्या वर काही नसेल तर विणीतून वारा थेट आत शिरतो. आजच्या भाषेत सांगायचं तर या सैनिकांकडे मधला थर दोनदा होता आणि वरचं कवच एकदाही नव्हतं. माझा अंदाज असा की दुसऱ्या कोटाऐवजी घट्ट विणीचं, मेण किंवा तेल चोपडलेलं एखादं पातळ आवरण असतं तर त्याचा उपयोग कितीतरी जास्त झाला असता.

कापड स्वतः उष्णता तयार करत नाही. ते हवा अडकवून धरतं, आणि ऊब देते ती ही अडकलेली, स्थिर हवा. त्या हवेची जागा पाण्याने घेतली की खेळ संपतो, कारण पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेतं. जॅकेट किती जाड आहे हे आपण दुकानात बोटांनी चाचपून बघतो. ती जाडी पाचव्या तासाला, घाम आल्यावर आणि पाठपिशवीच्या पट्ट्यांखाली दबल्यावर किती उरते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही.

पहिला दिवस: पाणी आतून आलं

तुकडीबरोबर सामानाने लादलेल्या चौदा बर्फगाड्या होत्या. धान्य, कोळसा, भांडी सगळं त्यांवर. ताज्या, भुसभुशीत बर्फात चढावर गाडी ओढायची म्हणजे ओढणाऱ्याला भट्टीसारखा घाम फुटतो, बाहेर कितीही थंडी असो. आणि सकाळी थंडी फारशी नव्हतीही. दोन कोट घालून, कमरेएवढ्या बर्फातून गाडी ओढणारा सैनिक दुपारपर्यंत आतून किती भिजला असेल, हे चढावर ओझं वाहिलेल्या कोणालाही कळेल.

दुपारच्या जेवणाच्या थांब्यावर हवा बिघडली. वारा वाढला, बर्फ सुरू झाला. बांधून आणलेला भात गोठून दगड झाला होता. तुकडीबरोबरच्या डॉक्टरने आकाशाचा रंग आणि साधनांची अपुरी अवस्था पाहून परत फिरायचं सुचवलं. अधिकाऱ्यांत चर्चाही झाली. पण खालच्या हुद्द्यावरच्या उत्साही मंडळींनी विरोध केला आणि कूच चालूच राहिली. या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण मला हाच वाटतो. त्या वेळी सगळे चालत होते, कोणी आजारी नव्हतं, आणि तरी कपड्यांच्या दृष्टीने लढाई तिथेच अर्धी हरलेली होती: अंग घामाने ओलं, वारा वाढता, बदलायला कपडे नाहीत.

घामाचा हिशेब करून बघा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते. स्वस्थ बसलेलं माणसाचं शरीर तासाला साधारण 80 ते 90 किलोकॅलरी उष्णता तयार करतं. म्हणजे कपड्यांत अर्धा लिटर घाम मुरलेला असेल आणि तो अंगाच्या उबेवर वाळवायचा ठरवला, तर विश्रांतीतल्या तीन तासांहून जास्त काळाची सगळी उष्णता नुसती कपडे वाळवण्यात जाईल. कुडकुडून शरीर ही उष्णता काही पट वाढवू शकतं, पण त्यासाठी इंधन लागतं. इथे भात गोठला होता.

म्हणून हिवाळी चालीत अनुभवी माणूस निघतानाच कपडे कमी करतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं थोडी थंडी वाजत असेल तर ते बरोबर आहे असं समजावं. अंग तापलं की बरं वाटतंच. कपाळावर घाम दिसायच्या आधी चेन उघडायची, टोपी काढायची, एक थर पिशवीत टाकायचा. थांबा घेतला की घाम निवायच्या आत जाड जॅकेट अंगावर चढवायचं, पाणी पिण्याच्याही आधी. लोकांना याचा कंटाळा येतो. चार वेळा पिशवी उघडायची, चार वेळा बंद करायची, बाकीचे पुढे निघून जातात. गटातल्या अनुभवी माणसाने सगळ्यांना मुद्दाम थांबवून हे करायला लावावं, कारण नवखा माणूस लाजेखातर भिजत राहतो. सैन्याच्या रांगेत तर कोट काढायचा की नाही हे सैनिकाच्या हातात नसतंच.

अंगालगतचा थर लोकरीचा किंवा पॉलिस्टरचा असावा. सुती बनियन, सुती मोजे, जीन्स ही मंडळी थंडीत घरीच ठेवावीत, कारण सूत पाणी पितं आणि सोडत नाही. पिसांचं डाऊन जॅकेट मुक्कामाला फार छान, पण ते घालून चढ चढू नये. पिसं ओली झाली की त्यांचा गोळा होतो आणि फुगवटा गेला की ऊब गेली.

रात्र

अंधार पडला तेव्हा ताशिरो दीडेक किलोमीटरवर होतं. ते सापडलं नाही. बर्फगाड्या मागे पडल्या होत्या आणि त्यांवरचं सामान आता माणसांच्या पाठीवर होतं. बर्फात माणसापेक्षा खोल खड्डे खणले आणि एकेका खड्ड्यात चाळीसेक जण उभे राहिले. वर छप्पर नाही. जमिनीपर्यंत खणणं जमलं नाही म्हणून चूल बर्फावरच मांडावी लागली. जाळाने खालचा बर्फ वितळायचा आणि भांडं कलायचं. अर्धाकच्चा भात मध्यरात्रीनंतर हातात पडला.

इथे बुटांच्या बाबतीत एक गोष्ट घडते. चालताना पाय ओले असले तरी गरम असतात, कारण स्नायू काम करत असतात आणि रक्त खाली येत असतं. माणूस उभा राहिला की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं आणि ऊब छाती-पोटासाठी राखून ठेवतं. हा शहाणपणाचा बचाव आहे, पण त्याची किंमत बोटं मोजतात. ओले मोजे, ओला पेंढा, पायाखाली दाबलेला बर्फ आणि वरून येणारं रक्त कमी. बसायला कोरडी जागा नाही, झोपलात तर मराल म्हणून एकमेकांना हलवून जागं ठेवायचं. त्या रात्री बहुतेकांचे पाय दिवसभराच्या चालीपेक्षा नुसतं उभं राहण्याने जास्त बिघडले असणार.

मुक्कामाला पोचताच ओले मोजे काढणं ही हिवाळ्यातली पहिली शिस्त आहे. तंबू, चहा, गप्पा सगळं त्यानंतर. झोपण्यासाठी राखलेला कोरडा मोज्यांचा जोड वेगळ्या जलरोधक पिशवीत असावा आणि तो दिवसा कितीही मोह झाला तरी घालू नये. ओले मोजे पिळून पोटाशी किंवा झोपण्याच्या पिशवीत ठेवले की सकाळपर्यंत बरेचसे वाळतात. बुटांचे आतले तळवे आणि अस्तर काढून तेही आत घ्यावं. नाही घेतलं तर सकाळी लाकडासारख्या कडक बुटात पाय घालायला अर्धा तास जातो आणि त्या अर्ध्या तासात बोटं गार पडतात ती पडतातच.

पहाटे अडीचच्या सुमारास, उजाडायची वाट न पाहता, तुकडी परतीला निघाली. थंडी सहन होईना म्हणून. अंधारात वाट चुकली, नदीच्या घळीत उतरली आणि पुन्हा चढून वर आली. त्या दिवसापासून माणसं एकेक करून खाली बसू लागली. थंडी साधी नव्हती: 25 जानेवारीला होक्काइदोवरच्या आसाहिकावा इथे उणे 41.0 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि जपानच्या हवामान खात्याच्या नोंदीत तो नीचांक आजही टिकून आहे.

हात

वाचलेल्यांच्या हकिकतींत एक तपशील वारंवार येतो आणि तो लिहायला संकोच वाटला तरी लिहायलाच हवा. बोटं बधिर झाल्यामुळे सैनिकांना विजारीची बटणं सोडता येईनात. लघवी कपड्यांतच झाली, ती गोठली आणि मांड्या, पोट तिथून थंडावत गेले. माणसाला उबदार ठेवायला घातलेला कपडाच त्याला गारठवू लागला, कारण तो उघडता आला नाही.

हातमोज्यांचा विचार आपण सहसा ऊब एवढाच करतो. पण हात हे बाकीचे सगळे कपडे चालवणारं यंत्र आहे. बोटांच्या त्वचेचं तापमान साधारण 15 अंशांच्या खाली गेलं की बारीक कामातलं कौशल्य घसरायला लागतं. 8 अंशांच्या आसपास स्पर्श जवळजवळ जातो. मग नाडी बांधता येत नाही, बटण लावता येत नाही, काडी ओढता येत नाही, पिशवीतला कोरडा मोजा बाहेर काढता येत नाही. पिशवीत जगातलं सगळ्यात भारी जॅकेट असेल, पण चेनच ओढता आली नाही तर ते नसल्यासारखंच.

विणलेले साधे हातमोजे आणि तोही एकच जोड, ही मला या प्रकरणातली सगळ्यात मोठी उणीव वाटते, कोटांपेक्षाही मोठी. बर्फात हात घातला की ते भिजतात, भिजले की गोठतात, गोठलेले काढले तर पुन्हा घालता येत नाहीत. आज मी कोणालाही सांगेन की जॅकेटवर खर्च करण्याआधी हातांची व्यवस्था करा: आत पातळ मोजे, ज्यांनी चेन आणि बक्कल हाताळता येईल. त्यावर चारही बोटं एकत्र राहतात असे जाड, वर जलरोधक कापड असलेले मोठे मोजे, कारण एकमेकांना चिकटलेली बोटं एकमेकांना ऊब देतात. ते मनगटाला दोरीने बांधलेले असावेत, वाऱ्यात उडून गेलेला मोजा परत मिळत नसतो. आणि पिशवीत एक जादा जोड. शिवाय घरी, उबेत, जाड मोजे घालून आपले सगळे कपडे उघडून-लावून बघा. चेनच्या टोकाला दोरीचा लांब फास बांधला की हे काम कितीतरी सोपं होतं. विजारीची पुढची चेन आणि पट्टा याच परीक्षेतून आधी न्यावा.

पाय

कॅप्टन कुराइशी हाजिमे हे वाचलेल्या 11 जणांपैकी एक. हातपाय शाबूत ठेवून परतलेल्या तिघांत त्यांची गणना होते, आणि त्यांच्या पायात रबरी बूट होते. तोक्योमधून आणलेले. त्या काळी जपानमध्ये ही वस्तू दुर्मीळ होती.

एका माणसाच्या बुटांवरून सिद्धांत मांडणं धोक्याचं आहे. कुराइशी अधिकारी होते, गाडी ओढत नव्हते, म्हणजे त्यांना घामही कमी आला असणार. शाबूत परतलेले बाकीचे दोघेही, लेफ्टनंट इतो आणि वरिष्ठ सार्जंट हासेगावा, हुद्द्याने वरचे होते आणि त्यांच्याकडे रबरी बूट असल्याचं सांगितलं जात नाही. एवढं मान्य करूनही रबरी बुटांचं महत्त्व उरतं, कारण त्यामागचं कारण साधं आहे: बाहेरचा बर्फ वितळून आत शिरू शकला नाही. रबर स्वतः उबदार अजिबात नाही आणि त्यातून पायाचा घामही बाहेर जात नाही. पण पायाचा घाम मर्यादित असतो. वितळणाऱ्या बर्फाचं पाणी दिवसभर येतच राहतं.

पेंढ्याच्या बुटांबद्दल मात्र मला तुच्छतेने बोलायचं नाही. पेंढ्याची प्रत्येक काडी आतून पोकळ, हवेने भरलेली. हलके, सैल, स्वस्त, आणि त्या प्रदेशातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या पारखलेले. गावकरी ते घालून कामाला जातात आणि संध्याकाळी घरी येऊन चुलीजवळ वाळत टाकतात. म्हणजे त्या बुटांची अर्धी ताकद चुलीत आहे. सैन्याने बूट घेतले आणि चूल मागे ठेवली. सलग चोवीस तासांहून जास्त वेळ, न वाळवता, ओल्या बर्फात ते वापरायचे म्हटल्यावर पेंढ्यात पाणी मुरणार आणि गोठणार. प्रत्येक बूट कोणत्या दिनचर्येसाठी बनलाय हे विकत घेताना विचारावं असं मला यावरून वाटतं. शहरात गाडीतून उतरून दुकानात शिरण्यासाठीचे केसाळ, मऊ, उबदार बूट तासभर उत्तम आणि दिवसभराच्या ओल्या बर्फात निरुपयोगी.

आता हिरोसाकीची तुकडी. तिथल्या सैनिकांनी तीन-तीन मोजे एकावर एक घातले, त्यांवर तिखटाची पूड पसरली आणि वरून तेलकट कागद गुंडाळला. तिखटाने कातडीला चरचर होते आणि गरम वाटतं. पायात उष्णता तयार होत नाही, त्यामुळे त्याला मी फारसं श्रेय देणार नाही. खरं काम तेलकट कागदाने केलं. पाणी आत येऊ द्यायचं नाही, ही कुराइशींच्या रबरी बुटांचीच युक्ती, फक्त कागदात. आज कडाक्याच्या थंडीत काही जण आत पातळ मोजा, त्यावर प्लॅस्टिकची पातळ पिशवी आणि त्यावर जाड लोकरी मोजा अशी रचना करतात. त्यात जाड मोजा पायाच्या घामापासून कोरडा राहतो. आतला पातळ मोजा ओला होतो, पण तो रात्री बदलायचा असतो आणि पायाची कातडी तेव्हा वाळवायची असते.

तीन मोज्यांबद्दल एक इशारा. त्या सैनिकांच्या पादत्राणांत तेवढी जागा असावी, म्हणून ते चाललं. नेहमीच्या मापाच्या बुटात दुसरा जाड मोजा कोंबला की पाय दाबला जातो, रक्त अडतं, मोज्यातली हवा पिचते आणि पाय आधीपेक्षा लवकर गार पडतो. पाय थंड पडतात म्हणून आणखी एक मोजा चढवणं ही हिवाळ्यातली फार पसरलेली चूक आहे. बूट घ्यायला संध्याकाळी जावं, पाय थोडे सुजलेले असताना, आणि हिवाळ्यात घालायचे तेच मोजे घालून. आत बोटं मोकळी वळवळली पाहिजेत. नाड्या घोट्याला घट्ट असू द्या, पंजावर सैल. बुटाच्या वरून बर्फ आत जाऊ नये म्हणून नडगीवर गेटर, म्हणजे बुटाचं तोंड झाकणारी कापडी वेष्टनं, बांधावेत. ते नसतील तर महागडा जलरोधक बूटही वरून भरतो आणि आतलं पाणी बाहेर जाऊ देत नाही.

आणि पाय निकामी व्हायला शून्याखालचं तापमान लागतंच असं नाही. शून्याच्या वर, पंधरा अंशांपर्यंतच्या थंडीतही पाय दिवसचे दिवस ओले राहिले तर नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात. पहिल्या महायुद्धात खंदकांतल्या चिखलात हजारो सैनिकांचे पाय याच तऱ्हेने गेले. त्यावर उपाय निघाला तो रोज बूट काढून पाय पुसण्याचा, तपासण्याचा आणि कोरडे मोजे घालण्याचा.

दुसऱ्या तुकडीचं श्रेय कोणाचं

हिरोसाकीची तुकडी केवळ मोज्यांमुळे वाचली असं म्हणणं खोटं ठरेल. ती लहान होती. अवजड बर्फगाड्या तिने बरोबर घेतल्या नव्हत्या. वाटेतल्या गावांत तिचे बरेचसे मुक्काम झाले, म्हणजे रात्री छप्पर, चूल आणि वाळलेले कपडे. तिथल्या वाटाड्यांना तिने सोबत घेतलं. पाचव्या रेजिमेंटने शेवटच्या गावातल्या लोकांचा इशारा आणि वाट दाखवायची तयारी, दोन्ही नाकारल्याचं सांगितलं जातं. तरीही कपडे आणि मुक्काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं मला वाटत नाही. रोज वाळवता येतात तेच कपडे बारा दिवस टिकतात.

आणि एक हिशेब सहसा मांडला जात नाही. फुकुशिमांची तुकडी सुखरूप परतली असं म्हणताना फक्त सैनिक मोजले जातात. हाक्कोदाच्या सगळ्यात वाईट टप्प्यातून तिला घेऊन गेलेले सात गावकरी हिमदंशाने जायबंदी झाले आणि त्यांचं दुखणं पुढे वर्षानुवर्षं राहिलं. मोहिमेची तयारी म्हणजे सगळ्यांची तयारी. वाटाड्याच्या, हमालाच्या पायात काय आहे, त्याच्याकडे हातमोज्यांचा जादा जोड आहे का, हे निघण्याआधी बघणं हे त्याला कामावर घेणाऱ्याचं कर्तव्य आहे. त्याला सवय आहे, असं म्हणून ते टाळणं मला अक्षम्य वाटतं.

डोकं गार पडतं तेव्हा

शरीराचं आतलं तापमान 35 अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. आधी जोरात कुडकुडणं, मग अडखळणं, बोलणं जड होणं, चिडचिड, हट्ट. पुढे कुडकुडणं थांबतं. ते सुधारणेचं लक्षण समजणं जिवावर बेतू शकतं. हाक्कोदावर काही सैनिकांनी त्या बर्फात अंगावरचे कपडे काढून फेकले. वेड लागलं असं बरोबरच्यांना वाटलं. आज हे ओळखीचं लक्षण आहे: शेवटच्या टप्प्यात, आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे असेल, माणसाला अचानक प्रचंड उकडतं. म्हणजे कपड्यांबाबतचे सगळे निर्णय डोकं शाबूत असतानाच घ्यायचे असतात, दुपारच्या थांब्यावर, पहिल्या घामाच्या वेळी. जोडीदाराच्या बोलण्याकडे, चालीकडे लक्ष ठेवावं, कारण ज्याला होतंय त्याला ते कळत नाही.

27 जानेवारीला शोधपथकाला कॉर्पोरल गोतो फुसानोसुके सापडले, बर्फात रुतलेले, उभे, अर्धवट शुद्धीत. त्यांनी सांगितल्यावरून जवळच तुकडीचे प्रमुख कॅप्टन कान्नारी बुंकिची यांचं शरीर मिळालं. डॉक्टरने इंजेक्शन द्यायचा प्रयत्न केला तर कातडी इतकी गोठलेली की सुई आत जाईना. गोतो जगले, पण हातापायांशिवाय.

त्या वेळच्या उपचारांचा दोष काढण्यात अर्थ नाही. पण गोठलेल्या भागाला बर्फ चोळायचा हा जुना समज अजूनही ऐकू येतो, म्हणून सांगतो. बर्फ चोळू नये, काहीच चोळू नये. गोठलेल्या पेशींत बर्फाचे स्फटिक असतात आणि चोळल्याने त्या फाटतात. शेकोटीजवळही धरू नये, बधिर कातडी भाजते आणि कळत नाही. ओले कपडे काढून, कोरडं घालून, वाऱ्यापासून आडोशाला न्यावं. गोठलेला हात किंवा पाय 37 ते 39 अंशांच्या पाण्यात, म्हणजे निरोगी माणसाच्या कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात, अर्धा तासभर ठेवावा. वेदना भयंकर होतात आणि त्या अपेक्षित आहेत. मात्र तो भाग पुन्हा गोठण्याची शक्यता असेल, पुढे अजून बर्फातून चालायचं असेल, तर वितळवू नये. गोठलेल्या पायावर चालत खाली उतरणं, वितळून पुन्हा गोठलेल्या पायापेक्षा कमी नुकसानीचं असतं. बूट काढला तर सूज येऊन तो परत चढणार नाही, म्हणून तोही सुरक्षित जागी पोचल्यावरच काढावा.